खात्यात पडून राहिलेले रुपये

मे २०२३ मध्ये गोव्यात शांघाय सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक झाली. तेव्हा रशियाचे परराष्ट्रमंत्री सर्गेई लाव्हरोव्ह पत्रकारांशी बोलताना एक अडचण मोकळेपणाने सांगून गेले. भारतीय बँकांमध्ये रशियाचे अब्जावधी रुपये साठले आहेत, ते वापरायचे तर आधी दुसऱ्या एखाद्या चलनात बदलून घ्यावे लागतील आणि त्याविषयी बोलणी चालू आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. बातमी दोन दिवस चालली आणि विरून गेली. डॉलरच्या सद्दीला शह देण्याच्या प्रयत्नांबद्दल मी बरीच वर्षे वाचत आलो आहे, पण शिखर परिषदांच्या लांबलचक घोषणापत्रांपेक्षा या एका कबुलीने मला अधिक शिकवले.

रुपये साठले कसे, याचा हिशेब सोपा आहे. युक्रेनवरील आक्रमणानंतर पाश्चात्त्य देशांनी रशियावर निर्बंध लादले, रशियन तेल सवलतीत मिळू लागले आणि भारताने ते मोठ्या प्रमाणावर घेतले. २०२२-२३ या आर्थिक वर्षात भारताची रशियाकडून होणारी आयात सुमारे ४६ अब्ज डॉलरवर गेली, निर्यात मात्र सुमारे ३ अब्ज डॉलरच राहिली. त्याच सुमारास, जुलै २०२२ मध्ये, रिझर्व्ह बँकेने परदेशी बँकांना भारतात विशेष रुपया व्होस्ट्रो खाती उघडून थेट रुपयांत व्यापार मिटवण्याची मुभा दिली होती. अशा खात्यात उरलेली रक्कम भारत सरकारच्या रोख्यांत गुंतवण्याची सोयही त्या परिपत्रकात होती. म्हणजे खाते होते, परवानगी होती, राजकीय इच्छाही होती. नव्हते ते इतकेच की, ज्याच्या हातात रुपये पडले त्याला त्या रुपयांत घेण्यासारखे पुरेसे काही सापडत नव्हते. पुढे तेलाचे बरेचसे पैसे संयुक्त अरब अमिरातीच्या दिरहममध्ये चुकते होऊ लागले, आणि दिरहमचा दर डॉलरशी बांधलेला आहे, हे येथे सांगितलेच पाहिजे.

हा पेच वाचताना मला सारखे १९४४ आठवत राहिले, कारण त्या वर्षी असाच प्रश्न घेऊन भारत जगापुढे उभा होता, फक्त दुसऱ्या बाजूने.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने सैन्यासाठी भारतातून कापड, धान्य, दारूगोळा, जे मिळेल ते उचलले. त्याची किंमत लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावे पौंडांत जमा होत राहिली, आणि त्या पौंडांच्या आधारावर इकडे नोटा छापल्या गेल्या. माल बाहेर जात होता, नोटा आत वाढत होत्या, भाव भडकत होते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळामागे या युद्धकालीन महागाईचाही हात होता. युद्धापूर्वी ब्रिटनचा ऋणको असलेला हा देश युद्ध संपेपर्यंत त्याचा मोठा धनको झाला. भारताची स्टर्लिंग शिल्लक १ अब्ज पौंडांच्या पुढे गेली होती, आणि तिच्यामागे इथल्या माणसांची उपासमार होती.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वूड्स येथे ४४ देशांचे प्रतिनिधी नवी आर्थिक व्यवस्था ठरवायला जमले. भारताच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील अर्थसदस्य सर जेरेमी रेझमन यांच्याकडे होते, पण त्यात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते, षण्मुखम चेट्टी होते, उद्योगपतींच्या बाजूने ए. डी. श्रॉफ होते. देश परतंत्र होता, तरी या मंडळींनी आपली बाजू नेटाने लावून धरली. त्यांची मागणी अशी की, साठलेल्या पौंडांचा निदान एक भाग नव्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीमार्फत इतर चलनांत बदलता यावा, म्हणजे हवी ती यंत्रसामग्री हवी तिथून घेता येईल. ब्रिटिश शिष्टमंडळाचे प्रमुख जॉन मेनार्ड केन्स यांनी हा ब्रिटन आणि त्याचे धनको यांच्यातला आपसातला प्रश्न आहे, असे सांगून तो बाजूला सारला. युद्धाच्या थकबाकीचा बोजा नव्या निधीवर नको, असे अमेरिकेचेही मत होते. मागणी फेटाळली गेली. पुढे ती शिल्लक ब्रिटनशी झालेल्या करारांनुसार हप्त्याहप्त्याने मोकळी होत गेली, आणि सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचा दर ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणला गेला तेव्हा उरलेल्या शिलकीचे डॉलरमधले मूल्य एका दिवसात सुमारे ३० टक्क्यांनी घटले. येणे भारताचे होते, पण ते कधी, कुठे आणि किती किमतीने खर्चायचे, हे देणेकरी ठरवत होता.

यातला विरोधाभास असा की, साठलेल्या शिलकीचे दुखणे केन्स यांच्याइतके कोणीच ओळखलेले नव्हते. त्यांच्या मूळ आराखड्यात देशोदेशींची देणीघेणी परस्परांत वळती करणारा एक आंतरराष्ट्रीय समाशोधन संघ होता आणि ‘बँकॉर’ नावाचे हिशेबाचे चलन होते, जे कोणत्याही एका देशाचे नव्हते. तूट असलेल्या देशावर जशी बंधने येतात, तशी सतत शिल्लक साठवणाऱ्या देशावरही यावीत, त्यालाही त्या शिलकीवर आकार भरावा लागावा, अशी त्यातली कल्पना होती. त्या काळी जगातली सर्वांत मोठी शिल्लक अमेरिकेची होती, आणि धनकोला शिस्त लावणारी व्यवस्था धनको मान्य करील, ही अपेक्षाच भाबडी होती. अमेरिकी अर्थखात्यातील हॅरी डेक्स्टर व्हाइट यांचा आराखडा स्वीकारला गेला. एक औंस सोने ३५ डॉलरला आणि बाकीची चलने डॉलरला बांधली गेली. ऑगस्ट १९७१ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी सोन्याची ही खिडकी बंद केली, म्हणजे डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले, तरी डॉलरचे स्थान ढळले नाही, कारण तोवर जगाला डॉलर ठेवायची सवय लागली होती आणि मुख्य म्हणजे ते ठेवायला जागा होती. अमेरिकी सरकारचे रोखे हवे तितके घेता येत होते आणि हवे तेव्हा विकता येत होते.

म्हणून आज ‘डॉलरला पर्याय’ असे कोणी म्हटले की, मी एकच प्रश्न विचारतो: त्या चलनात ज्याचे येणे साठेल, तो ते ठेवणार कुठे आणि खर्चणार कशावर?

याचा अर्थ पर्याय शोधणाऱ्यांची तक्रार खोटी आहे, असा नाही. ती खरी आहे आणि जुनी आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे साडेसोळा टक्क्यांच्या आसपास मते आहेत. म्हणजे नकाराधिकार हा शब्द निधीच्या घटनेत न लिहिताही तो अस्तित्वात आहे. भारताचा कोटा, म्हणजे निधीतला वाटा, पावणेतीन टक्के, चीनचा साडेसहा टक्क्यांहूनही कमी. विकसनशील देशांचा वाटा थोडासा वाढवणारी सुधारणा २०१० मध्ये ठरली, पण अमेरिकी काँग्रेसने तिला मान्यता देईपर्यंत डिसेंबर २०१५ उजाडला. नाणेनिधीचा प्रमुख युरोपीय आणि जागतिक बँकेचा अध्यक्ष अमेरिकी, हा अलिखित संकेत आजवर मोडलेला नाही. २०२३ मध्ये अजय बंगा जागतिक बँकेचे अध्यक्ष झाले तेव्हा आपल्याकडे आनंद झाला, आणि तो स्वाभाविकही होता, परंतु त्यांचे नाव अमेरिकेच्या अध्यक्षांनी सुचवले होते आणि ते अमेरिकेचे नागरिक म्हणून त्या खुर्चीत बसले.

आशियाच्या मनावरचा सर्वांत खोल व्रण १९९७-९८ चा आहे. जुलै १९९७ मध्ये थायलंडचा बाट कोसळला, पाठोपाठ इंडोनेशिया आणि दक्षिण कोरिया अडचणीत आले. जपानने आशियाई नाणेनिधीची कल्पना मांडली, ती अमेरिका आणि नाणेनिधी यांच्या विरोधामुळे बारगळली. जानेवारी १९९८ मध्ये इंडोनेशियाचे अध्यक्ष सुहार्तो करारावर वाकून सही करत आहेत आणि नाणेनिधीचे प्रमुख मिशेल कामदेस्यू हाताची घडी घालून मागे उभे आहेत, असे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्यातल्या माणसांच्या मनात काय होते कोण जाणे, पण आशियातल्या अर्थमंत्र्यांनी त्यातून जो बोध घ्यायचा तो घेतला: पुन्हा कधी या दारात उभे राहायचे नाही.

आणि त्यासाठी त्यांनी काय केले? डॉलर साठवले. पुढच्या दशकात आशियाई देशांनी स्वसंरक्षणासाठी परकीय चलनाचे डोंगर उभे केले, त्यातला मोठा हिस्सा अमेरिकी रोख्यांत गेला. नाणेनिधीपासून सुटका करून घेण्याच्या प्रयत्नात डॉलरवरचे अवलंबन आणखी घट्ट झाले. भारतही याच वाटेने गेला. १९९१ मध्ये जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन उरले असताना बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे सुमारे ४७ टन सोने गहाण ठेवणारा देश २०२१ मध्ये ६०० अब्ज डॉलरची गंगाजळी बाळगून होता. या गंगाजळीमुळे २०१३ मधील रुपयाच्या घसरणीचे आणि नंतरचे धक्के पचले, हे मान्य करायला हवे. मात्र गरीब देशांनी श्रीमंत देशाला अल्प व्याजाने कर्ज देऊन विकत घेतलेली ही सुरक्षितता आहे.

त्या सुरक्षिततेलाही तडा गेला तो फेब्रुवारी २०२२ मध्ये. रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ३०० अब्ज डॉलर किमतीची मालमत्ता पाश्चात्त्य देशांनी गोठवली, त्यातला बराच मोठा भाग बेल्जियममधील युरोक्लिअर या रोखे सांभाळणाऱ्या संस्थेत होता. आक्रमणाचे समर्थन करण्याचा येथे प्रश्न नाही. परंतु ज्या कुठल्या देशाची गंगाजळी दुसऱ्याच्या तिजोरीत आहे, त्याने त्या दिवशी आपली तिजोरी कोणाच्या घरात आहे, हे पुन्हा एकदा पाहिले. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षांत जगभरच्या मध्यवर्ती बँकांनी दरवर्षी १,००० टनांहून अधिक सोने विकत घेतले, ते उगाच नव्हे. रिझर्व्ह बँकेनेही २०२३-२४ मध्ये ब्रिटनमध्ये ठेवलेले सुमारे १०० टन सोने मायदेशी आणले. सोने गोठवता येत नाही हे खरे, पण त्याने तेलाचे बिलही थेट भरता येत नाही. ते विकायचे तर बहुधा डॉलरमध्येच विकावे लागते.

आता उभ्या राहिलेल्या पर्यायांकडे पाहू. ब्राझील, रशिया, भारत आणि चीन यांच्यासाठी ‘ब्रिक’ (पुढे दक्षिण आफ्रिका आल्यावर ‘ब्रिक्स’) हे नाव २००१ मध्ये गोल्डमन सॅक्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेतील अर्थतज्ज्ञ जिम ओनील यांनी गुंतवणूकदारांच्या सोयीसाठी काढले, ही गोष्ट मला अजूनही गमतीची वाटते. पाश्चात्त्य वित्तव्यवस्थेला पर्याय देऊ पाहणाऱ्या गटाचे बारसे वॉल स्ट्रीटने केले. २०१४ मध्ये ब्राझीलमधील फोर्टालेझा येथे या देशांनी दोन संस्था ठरवल्या: शांघायमधली न्यू डेव्हलपमेंट बँक आणि संकटकाळासाठी १०० अब्ज डॉलरची राखीव व्यवस्था. बँकेत पाचही संस्थापकांचा वाटा समान ठेवला गेला. वॉशिंग्टनमधल्या संस्थांशी तुलना करता ही बाब खरोखर वेगळी आहे आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे. के. व्ही. कामत तिचे पहिले अध्यक्ष होते.

पण मार्च २०२२ मध्ये याच बँकेने, रशिया तिचा समान वाट्याचा संस्थापक असतानाही, रशियातले नवे व्यवहार थांबवले. बीजिंगच्या आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेनेही तेच केले. कोणी धमकी दिली म्हणून असे झाले, असे समजण्याचे कारण नाही. कर्ज देण्यासाठी या बँकांना स्वतः रोखे विकून पैसा उभा करावा लागतो, त्यातला मोठा भाग डॉलरमध्ये असतो, आणि रोखे स्वस्तात विकायचे तर पतमानांकन संस्थांकडून चांगला शेरा लागतो. म्हणजे पर्यायी बँकेची पत ज्या बाजारात ठरते, तो बाजार जुनाच आहे. संकटकाळच्या राखीव व्यवस्थेचे तर आणखी विशेष: एखाद्या सदस्याला आपल्या वाट्यातील ३० टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम हवी असेल, तर त्याने आधी नाणेनिधीचा कार्यक्रम स्वीकारलेला असला पाहिजे. आग्नेय आशियाई देश, चीन, जपान आणि दक्षिण कोरिया यांच्या चिआंग माई व्यवस्थेतही असेच कलम आहे, तिथे मर्यादा ४० टक्के आहे. ती २४० अब्ज डॉलरची व्यवस्था आजवर एकदाही वापरली गेलेली नाही.

हे कलम वाचून मी प्रथम चिडलो होतो. इतका खटाटोप करून शेवटी त्याच दारात जायचे असेल, तर खटाटोप कशासाठी? नंतर विचार केल्यावर त्यातला व्यवहार दिसला. संकटात सापडलेल्या शेजाऱ्याला पैसे देताना अटी घालाव्या लागतात, खर्च कापायला सांगावे लागते, आणि हे अप्रिय काम करायला कोणताच शेजारी तयार नसतो. चीनने जपानला किंवा भारताने ब्राझीलला काटकसरीचे धडे द्यायचे म्हटले, तर मैत्री किती दिवस टिकेल? वाईटपणा घ्यायला नाणेनिधी लागतो. त्याच्यावर चिडताना, तो नसता तर ही चीड कोणाच्या वाट्याला आली असती, याचाही विचार केला पाहिजे.

स्विफ्टविषयी थोडक्यात सांगतो, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार आहेत. ही संस्था पैसे पाठवत नाही. बँकांमधले निरोप पाठवते. रशियाची एसपीएफएस ही अशीच निरोपव्यवस्था २०१४ पासून आणि चीनची सीआयपीएस ही युआनमधल्या देयकांची व्यवस्था २०१५ पासून आहे. आपले यूपीआय सिंगापूरच्या पेनाऊ या देयक-व्यवस्थेशी २०२३ मध्ये जोडले गेले, आफ्रिकेत अफ्रेक्झिम या आयात-निर्यात बँकेच्या पुढाकाराने पीएपीएसएस ही देशादेशांतल्या देयकांची व्यवस्था सुरू झाली. हे सारे उपयुक्त आहे, त्यातून खर्च वाचतो, निर्बंधांच्या काळात वाटही मिळते. पण टपाल बदलले म्हणून पत्रातला मजकूर बदलत नाही. रक्कम कोणत्या चलनात ठेवायची, हा प्रश्न तिथेच राहतो.

मग चीनचा युआन? व्यापाराचा आवाका पाहता सर्वांत मोठा दावा त्याचाच आहे, आणि त्याचा वापर वाढतोही आहे. जून २०२३ मध्ये अर्जेंटिनाने नाणेनिधीच्या कर्जाचा काही भाग चीनकडून मिळालेल्या युआनमध्ये फेडला. जुन्या व्यवस्थेचा हप्ता नव्या व्यवस्थेच्या उसनवारीतून! तरीही २०२२ च्या पाहणीनुसार जगातल्या परकीय चलन व्यवहारांपैकी सुमारे ८८ टक्के व्यवहारांत एका बाजूला डॉलर होता, युआन ७ टक्क्यांत. कारण पुन्हा शिलकीचेच आहे. जगाच्या हाती युआन पडायचे तर चीनने जगाकडून अधिक घ्यावे आणि कमी विकावे, किंवा आपला भांडवली बाजार मोकळा करावा. बीजिंगला यातले पहिले नको आहे, कारण तिथले कारखाने निर्यातीवर चालतात, आणि दुसरे नको आहे, कारण पैशावरचा ताबा सुटेल. अमेरिकेने वर्षानुवर्षे तूट सोसून जगाला डॉलर पुरवले आणि त्या बदल्यात तिच्या कारखान्यांची जी वाताहत झाली, ती किंमत मोजायला दुसरे कोणी पुढे येत नाही.

भारताची भूमिका याच तराजूत तोलली पाहिजे. भांडवली खाते पूर्ण खुले करण्याचा, म्हणजे भांडवल देशात मुक्तपणे ये-जा करू देण्याचा, आराखडा एस. एस. तारापोर समितीने १९९७ च्या मे महिन्यात मांडला आणि जुलैमध्ये बाट कोसळला. त्यानंतर आपल्याकडे कोणत्याही सरकारने ती घाई केली नाही, आणि माझ्या मते ते शहाणपणाचे होते. मात्र त्याचा दुसरा अर्थ असा की, परकी माणसाला रुपये हवेसे वाटावेत, अशी जागा आपण पुरती मोकळी केलेली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी डॉलरला पर्याय उभा केल्यास ब्रिक्स देशांवर १०० टक्के आयातशुल्क लावण्याची धमकी दिली, तेव्हा परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी डॉलर हटवण्याची भूमिका भारताची कधीच नव्हती, असे सांगितले. काहींना ती माघार वाटली. मला ते वस्तुस्थितीचे वर्णन वाटले, कारण युआनच्या छायेत जाण्यापेक्षा डॉलरची ऊब बरी, असा हिशेब दिल्लीत कोणी मांडला असेल तर त्यात आश्चर्य नाही. दुबई, मलेशिया, श्रीलंका यांच्याशी काही व्यापार रुपयांत झाला तर चांगलेच आहे. ज्या देशांशी आपली देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी सारखी आहे, तिथे तो टिकेल. जिथे ती एकतर्फी आहे, तिथे कोणाच्या तरी खात्यात पुन्हा रक्कम पडून राहील.

१९४४ च्या त्या स्टर्लिंग शिलकीचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या यंत्रसामग्रीसाठी आयात अचानक वाढली, आणि १९५७-५८ पर्यंत ती शिल्लक जवळपास आटली. ऑगस्ट १९५८ मध्ये भारताला मदत करणाऱ्या धनको देशांची पहिली बैठक वॉशिंग्टनमध्ये भरली, आणि ती जागतिक बँकेने बोलावली होती.